लेबलकाकांनी दाखला जपला

शाळेने जुनं सामान काढलं तेव्हा कुणी कपाट नेलं, कुणी पंखा नेला, एका गृहस्थाने तर चक्क शाळेची घंटा नेली. ती त्याने घरी कशाला वापरली हे आजवर कुणाला कळलेलं नाही. लेबलकाकांनी मात्र लॅमिनेशनचं मशीन उचललं. आता एखाद्याने मशीन घरी आणलं तर त्यात एवढं सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. तर आधी लेबलकाका काय चीज आहे ते ऐका.

काका शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षांपासून साहाय्यक होते. प्रत्येक बाटलीवर लेबल असलंच पाहिजे हा त्यांचा नियम, आणि बाटली रिकामी असेल तर तिच्यावर 'रिकामी' असं लेबल. घरातल्या माठावर 'पाणी (पिण्याचे)' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. पोरांनी लेबलकाका हे नाव ठेवलं ते गल्लीनेही उचललं. दुसरी त्यांची ख्याती म्हणजे तोडफोड नोंदवही. प्रयोगशाळेत काचेची नळी जरी फुटली, तरी तारीख, वस्तू, कुणाच्या हातून आणि कारण, हे सगळं त्या वहीत जायचं. स्वतःच्या हातून फुटलं तरी जायचं. एका पानावर 'चंचुपात्र, एक नग, मी स्वतः, कारण: शिंक' अशी नोंद आहे आणि खाली सही आहे.

अशा माणसाच्या हाती लॅमिनेशनचं मशीन आलं. पहिल्या आठवड्यात दुधाचं कार्ड प्लॅस्टिकमध्ये गेलं. मग धुलाई मशीनचं माहितीपत्रक गेलं. मग एका पंख्याची हमी गेली, जो पंखा तीन वर्षांपूर्वी भंगारात गेला होता. काकूंचा स्वेटरचा नमुना गेला, आणि त्यावर खुणा करता येईनात म्हणून स्वेटर एका बाहीवरच थांबला.

"मी जरा वेळ एका जागी उभी राहिले, तर मलाही घालाल त्यात," काकू म्हणाल्या.

"मशीनची रुंदी नऊ इंच आहे," काका म्हणाले. त्यांनी हे गंभीरपणे सांगितलं, आणि म्हणूनच काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

त्याच महिन्यात लेकीचा निकाल लागला. पोरगी हुशार, आणि तिच्या डोक्यात एकच खूळ: रसायनशास्त्र. मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजात तिला प्रवेशही मिळाला. पण तिथली फी आणि वसतिगृहाचा खर्च काकांच्या पगारात बसणारा नव्हता, कितीही ओढूनताणून बसवला तरी. राहता राहिली सरकारी शिष्यवृत्ती. तिची जाहिरात काका स्वतः दरवर्षी शाळेच्या फलकावर चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारून लावत आले होते, दुसऱ्यांच्या पोरांसाठी. फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं त्यात होतं. अर्ज कागदपत्रांसकट इथल्याच कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर द्यायचा, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. ते चुकलं तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने लेकीला सोमवारपासून कामाला ये म्हणून सांगून ठेवलं होतं. रसायनशास्त्र मग पोस्टाने शिकायचं.

"पोस्टाने होतं की सगळं," शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "फक्त ज्वालाग्राही पदार्थ पाठवता येत नाहीत." हे ऐकून लेक घरात निघून गेली आणि जेवायला उशिरा आली.

कागद चार लागत होते. तीन घरातच होते. चौथा होता उत्पन्नाचा दाखला, आणि तो मिळवायला काकांना पंधरा दिवस लागले. पहिल्या खेपेला तहसील कचेरीतले साहेब प्रशिक्षणाला गेलेले. दुसऱ्या खेपेला साहेब आलेले, पण कारकून प्रशिक्षणाला गेलेला. तिसऱ्या खेपेला दोघेही होते आणि अर्ज चुकीच्या रंगाच्या कागदावर होता. सहाव्या खेपेपर्यंत कचेरीबाहेरचा चहावाला काकांना न विचारता साखर कमी घालायला लागला. शेवटी एका शनिवारी साहेबांनी निळ्या शाईच्या पेनाने झोकदार सही केली, आणि काका तो दाखला छातीशी धरून घरी आले. रस्त्यात दोनदा थांबून त्यांनी तो उघडून पाहिला. सही जागेवर होती.

आता इतक्या कष्टाने मिळालेली वस्तू माणूस जपणार की नाही? काकांनी जपली. रविवारी सकाळी आंघोळ करून त्यांनी चारही कागद एकामागून एक मशीनमध्ये घातले, कडा कात्रीने गोल कापल्या, आणि मंगळवारी ते चार चकचकीत पत्रे घेऊन लेकीसोबत कॉलेजच्या खिडकीवर उभे राहिले. रांगेतल्या बाकीच्या पालकांचे चुरगळलेले कागद बघून त्यांना थोडी कीवही आली. ती त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिली, हे मान्य केलं पाहिजे.

खिडकीतल्या बाई मध्यम वयाच्या होत्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी तीन पत्रे पाहिले, खूण केली आणि परत दिले. चौथा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"काका, हे काय केलंत?"

"लॅमिनेशन. पाणी लागलं तरी काही होत नाही."

"पाण्याची सोय झाली, शाईची राहिली," बाई म्हणाल्या. "उत्पन्नाच्या मूळ दाखल्याच्या पाठीवर आमचा शिक्का बसायला लागतो. एकाच दाखल्यावर दोन ठिकाणी शिष्यवृत्ती घेऊ नये म्हणून. आता शिक्का मारू कुठे?"

"मारून तर बघा," काका म्हणाले.

बाई भल्या होत्या. त्यांनी मारून बघितला. शाई प्लॅस्टिकवर ओलीच राहिली, आणि काकांनी पत्रा ओढून घेताना ती जशीच्या तशी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरली. 'तपासले' एवढी अक्षरं बाहीवर उलटी, पण वाचता येत होती. मागच्या रांगेतले लोक हसले. काकांनी आयुष्यात हजार लेबलं लावली, पण स्वतःला लेबल लागण्याची ही पहिलीच वेळ. ते कान लाल करून बाजूला झाले.

"मोकळा कागद आणा, काका. शुक्रवार पाचपर्यंत मी इथेच आहे," बाईंनी मागून सांगितलं.

घरी आल्यावर बातमी गल्लीत पसरायला जेमतेम पाच मिनिटं लागली. सगळ्यात आधी शेजारचे पोस्टमास्तर आले. त्यांचं म्हणणं, वाफ द्या. चाळीस वर्षं टपाल हाताळलेल्या माणसाला वाफेने काय काय उघडतं हे ठाऊक असतं, असं ते म्हणाले, आणि मग आपण जरा जास्तच बोललो असं वाटून खोकले. वरच्या मजल्यावर कपडे शिवून देणाऱ्या मावशी राहत, त्यांना सगळे शिवणमावशी म्हणत. त्या इस्त्री घेऊनच उतरल्या. खाली जाड कापड, वर पातळ कापड, मधे दाखला, इस्त्री मंद, की प्लॅस्टिक आपोआप सुटेल. कॉलरच्या आत चिकटवलेलं कॅनव्हास असंच सुटतं म्हणे.

काका शास्त्रीय वृत्तीचे. आधी चाचणी, मग प्रयोग. चाचणीसाठी धुलाई मशीनचं माहितीपत्रक निवडलं गेलं. त्याला दहा मिनिटं वाफ दिली, इस्त्री फिरवली, कोपरा नखाने उचलला, आणि काय सांगावं, प्लॅस्टिक सालीसारखं सोललं गेलं. आत माहितीपत्रक नव्यासारखं. मास्तरांनी मावशींचं अभिनंदन केलं, मावशींनी मास्तरांचं. काकूंनी सगळ्यांना चहा दिला. लेकीने तेवढा चहा घेतला नाही.

"बाबा, ते छापलेलं होतं," ती म्हणाली. "दाखल्यावर शाईची सही आहे."

"शाई वाळून तीन दिवस झाले," काका म्हणाले, आणि त्यांनी दाखला वाफ देऊन इस्त्रीखाली घातला.

प्लॅस्टिक सुटलं. अगदी अलगद सुटलं, मागचंही आणि पुढचंही. फक्त पुढच्या प्लॅस्टिकबरोबर साहेबांची सहीही सुटली. कागदावर छापील मजकूर, टंकलेलं नाव, आकडा, गोल शिक्क्याचा एक पुसट चंद्र, आणि जिथे सही होती तिथे स्वच्छ पांढरी जागा. सही काकांच्या डाव्या हातातल्या प्लॅस्टिकवर निळीशार, झोकदार, जशीच्या तशी होती.

मास्तरांनी कप खाली ठेवला. मावशींनी इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली.

"पण कागद किती छान निघाला," मावशी हळूच म्हणाल्या.

लेक रडली नाही. रडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. तिने धुलाई मशीनचं माहितीपत्रक उचललं, घडी घातली आणि जागेवर ठेवलं. त्या रात्री काका जेवले नाहीत. त्यांनी लॅमिनेशनचं मशीन माळ्यावर टाकलं आणि त्यावर लेबल लावलं: 'हात लावू नये.' स्वतःसाठीच होतं ते.

बुधवारी कचेरीला सुट्टी निघाली. का निघाली हे विचारू नका, निघाली. गुरुवारी सकाळी दहाच्या ठोक्याला काका आणि लेक कचेरीत हजर. काकांच्या एका हातात कागद होता, दुसऱ्या हातात, जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेलं, सहीचं प्लॅस्टिक.

कारकुनाने दुय्यम प्रतीचा छापील अर्ज पुढे सरकवला. त्यात 'कारण' या शब्दापुढे तीन चौकोन होते: हरवला, जळाला, भिजला. योग्य तिथे खूण करायची.

"हरवला का?" कारकुनाने पेन उचललं.

"नाही. हा काय, माझ्या हातात आहे."

"मग जळाला?"

"इस्त्री फिरवली, पण जळाला असं म्हणता येणार नाही."

"भिजला?"

"वाफ दिली होती. पण वाळवला."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "काका, तुमच्या दाखल्याला झालंय तरी काय?"

"त्याची सही निघाली," काका म्हणाले आणि पुठ्ठा उघडून दाखवला. कारकुनाने मान वाकडी करून ते पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, असला चौकोन आमच्याकडे नाही. 'हरवला'वर खूण करा, खाली सही ठोका, दुपारी प्रत देतो. रोज दहा लोकांचे हरवतात. तुमचाही हरवला म्हणून समजा."

काका बाकावर येऊन बसले. समोर अर्ज, हातात पेन. सव्वीस वर्षांत त्या वहीत त्यांनी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. मुख्याध्यापकांच्या हातून तराजू पडला तेव्हा मुख्याध्यापकांचंही नाव लिहिलं होतं, आणि पुढे दोन वर्षं त्याची फळं भोगली होती. पण तेव्हा जायचा तो तराजू जायचा. इथे पोरगी जात होती. सोमवारी ती झेरॉक्सच्या मशीनपुढे उभी राहणार आणि दुसऱ्यांच्या नोट्सच्या प्रती काढणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. एक खूण, त्यात काय एवढं. हात 'हरवला'च्या चौकोनापर्यंत गेला.

लेकीने पेन काढून घेतलं.

"अगं, दे इकडे. तुझ्यासाठीच करतोय."

"म्हणूनच नको," ती म्हणाली. "मी पाचवीपासून तुमची वही वाचतेय, बाबा. शिंकेची नोंदसुद्धा. तिकडे जाऊन मला प्रयोग लिहायचेत, आणि सुरुवात 'हरवला'ने करायची?"

"मग काय लिहिणार? चौकोनच नाही."

"चौकोन नसेल तर प्रयोग लिहू," ती म्हणाली, आणि अर्ज उलटा करून पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसली. काका शेजारून सांगत होते, ती लिहीत होती. मधे दोनदा भांडण झालं, एकदा इस्त्रीच्या तापमानावरून आणि एकदा मास्तरांचं नाव साहित्यात घालायचं की कृतीत यावरून. अर्ध्या तासाने जे तयार झालं ते असं:

'उद्देश: दाखला जन्मभर टिकवणे. साहित्य: दाखला एक, लॅमिनेशन मशीन एक, इस्त्री एक, शेजारी दोन. कृती: प्रथम वडिलांनी प्रेमापोटी दाखला प्लॅस्टिकमध्ये बंद केला. त्यावर शिक्का बसेना, म्हणून वाफ व इस्त्री देऊन प्लॅस्टिक सोडवले. निरीक्षण: दाखला कागदावर राहिला, सही प्लॅस्टिकवर गेली. दोन्ही सोबत जोडले आहेत. एकावर एक ठेवल्यास दाखला पूर्ण दिसतो. निष्कर्ष: चूक आमची आहे. दुय्यम प्रत मिळावी ही विनंती. शिष्यवृत्तीची मुदत उद्या पाचपर्यंत आहे.'

खाली दोघांच्या सह्या.

कारकुनाने ते एकदा वाचलं, मग शेजारच्या टेबलावरच्याला वाचायला दिलं. तिथून ते तिसऱ्या टेबलावर गेलं, तिथून शिपायाकडे. कचेरीतल्या खुर्च्या एकेक करून वळल्या. काका बाकावर ताठ बसून समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते, आणि त्या कॅलेंडरवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. शेवटी साहेबांच्या खोलीचं दार उघडलं आणि दोघांना आत बोलावणं आलं.

साहेब टेबलावर कागद पसरून बसले होते. "प्लॅस्टिक कुठाय?"

लेकीने पुठ्ठा उघडला, प्लॅस्टिक दोन बोटांनी उचललं आणि कागदावर अलगद ठेवलं. सही बरोबर आपल्या जागी, साहेबांच्या हुद्द्याच्या वर जाऊन बसली. साहेबांनी प्लॅस्टिक उचललं, दाखला कोरा. ठेवलं, दाखला पुरा. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. चौथ्या वेळी त्यांनी कारकुनाला हाक मारून त्यालाही दाखवलं.

"नियमाने सात दिवस लागतात," साहेब म्हणाले.

काका मनात दिवस मोजायला लागले.

"पण ते हरवलेल्या दाखल्याला. कारण तो खरंच हरवलाय की नाही हे बघावं लागतं. इथे तर दाखला हजर आहे, सहीही हजर आहे, आणि कुणी काहीच लपवलेलं नाही. मग बघायचं काय उरलं?" त्यांनी अर्जाच्या कडेला लिहिलं: 'पाहिले. उचलूनही पाहिले. दुय्यम प्रत आजच द्यावी.' आणि मग लेकीकडे बघून म्हणाले, "निरीक्षण चांगलं लिहितेस. कुठे जातेयस शिकायला?"

तिने सांगितलं. काकांनी पुठ्ठा नीट बंद केला. ते साहेबांना धन्यवाद म्हणाले, कारकुनाला म्हणाले, शिपायाला म्हणाले, आणि बाहेर पडताना दारालाही म्हणाले असं लेकीचं मत आहे.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ते खिडकीवर होते. काकांनी नवा दाखला दोन्ही हातांत आडवा धरून आणला होता, घडी नाही, पिशवी नाही, काही नाही. वाऱ्याचं भय नको म्हणून मास्तर पुढे चालले होते आणि मावशी डाव्या बाजूने. खिडकीतल्या बाईंनी कागद बोटांनी चाचपला, उलटा केला आणि शिक्का मारला. शाई बसली. काकांच्या जीवात जीव आला.

"वाळू द्या," बाई म्हणाल्या. "फुंकर मारू नका. आणि काका, मंजुरीचं पत्र घरी येईल. त्यावरही माझा शिक्का लागतो. एवढं लक्षात असू द्या."

पत्र तीन आठवड्यांनी आलं. फी, वसतिगृह, पुस्तकं, तिन्ही वर्षांची. काकांनी ते तीनदा वाचलं आणि खुर्चीत बसून राहिले. आभार कुणाचे मानायचे हेच त्यांना कळेना. सरकारचे मानावेत तर सरकार कुठे भेटणार? कुणीतरी कधीतरी एका खोलीत बसून ठरवलं होतं की न पाहिलेल्या माणसाच्या पोरीने शिकावं, आणि त्या कुणालातरी लेबलकाका नावाचा माणूस या जगात आहे याचा पत्ताही नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि काकूंनी आपण बघितलंच नाही असं दाखवलं.

"अहो, पण हे पत्र," काकू काळजीने म्हणाल्या, आणि त्यांची नजर माळ्याकडे गेली.

"नाही," काका म्हणाले. "हे असंच."

जे आभार वरपर्यंत पोहोचत नव्हते ते त्यांनी खालीच वाटायला घेतले. पत्र हातात घेऊन ते मास्तरांकडे गेले. मास्तरांनी ते पाकिटाच्या वजनासकट तपासलं आणि तेलकट बोटांचा ठसा ठेवला. मावशींनी मांडीवर ठेवून वाचलं, त्याला खडूची निळी रेघ लागली. कचेरीबाहेरच्या चहावाल्याने एका कोपऱ्यावर ग्लास ठेवला. आत साहेबांनी ते उचलून उजेडात धरलं, सवयीने असेल. झेरॉक्सवाल्याने वाचून प्रामाणिकपणे वाईट वाटल्याचं सांगितलं आणि एक प्रत फुकट काढून दिली. शाळेत तर ते मुख्याध्यापकांपासून शेवटच्या वर्गापर्यंत फिरून आलं.

सोमवारी काकांनी ते लेकीबरोबर खिडकीत दिलं. चार घड्या, एक चहाचं वर्तुळ, खडू, तेल, आणि एक कोपरा दुमडलेला. बाईंनी चष्मा वर केला.

"काका, तुमचा कागद आणि हे हाल?"

"जरा माणसांना दाखवत होतो," काका म्हणाले.

बाईंनी चहाच्या वर्तुळाशेजारी मोकळी जागा शोधली आणि शिक्का मारला. तो लगेच बसला.

लेक गेल्यावर आठव्या दिवशी फोन आला. पहिल्याच प्रयोगाला तिच्या हातून एक चंचुपात्र फुटलं होतं. तिथे तोडफोड नोंदवही नव्हती, म्हणून तिने आपल्या वहीत रेघा मारून एक सुरू केली होती.

"कारण काय लिहिलंस?" काकांनी विचारलं.

"खरं तेच. आनंदाने हात थरथरला."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "खाली सही कर."